पाखटाचे डोळे

शाळेच्या विज्ञानाच्या कपाटाची किल्ली मी करदोड्याला बांधून ठेवायचो. हेडमास्तर हसायचे. शिपाई तर तोंडावर विचारायचा, "गुर्जी, त्याच्यात काय सोनं हाय का?" सोनं कुठलं! एक लोहचुंबक, दोन परीक्षानळ्या, एक टवका उडालेलं भिंग आणि मोठ्या काचेच्या बरणीत एक मासा. पण किल्ली खिळ्याला लटकवली असती तर आठ दिवसांत लोहचुंबक गेलं असतं आणि बोट माझ्याकडं आलं असतं, याची मला खात्री होती. मी कुणावर विश्वास ठेवत नसे. आजही फारसा ठेवत नाही. दूधवाला माप घालतो तेव्हा मी त्याच्या हाताकडं बघतो, तोंडाकडं नाही.

हा स्वभाव मी आईच्या पोटातून घेऊन आलो नव्हतो. माझ्या गावच्या बौद्धवाड्यातून मॅट्रिक होऊन मास्तर झालेला मी पहिलाच. नोकरीवर रुजू व्हायला गेलो तर तिथल्या कारकुनानं माझं सर्टिफिकेट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, शिक्का नखानं खरवडला. माझ्या आधीच्या पोराचा कागद त्यानं न बघताच फायलीत टाकला होता. मी घाम पुसत उभा. खोटं काही नव्हतं, तरी. तेव्हापासून डोक्यात एक पक्कं बसलं की आपल्या हातून जो कागद जाईल तो असा पाहिजे की कुणी कितीही खरवडो, काही निघू नये.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. वसमतकडच्या हट्टा गावापासून दोन कोसांवर, कालव्याकाठचं गाव. हिंगोलीचा जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही सगळे परभणीतच. शाळा सातवीपर्यंत. विज्ञान माझ्याकडं आणि खेळही माझ्याकडं, कारण इतर मास्तरांची पोटं सुटलेली आणि मी एकटाच काटकुळा.

खेळ म्हणजे काय, तर कबड्डी आणि खो-खो. पण आमच्या गावच्या पोरांनी स्वतःचाच एक खेळ काढला होता. गावाबाहेर ओढ्यावरून कालवा नेलाय, तिथं मातीचा भराव तीन पुरुष उंच आहे. माघ-फाल्गुनात त्याच्यावरचं गवत वाळून असं गुळगुळीत होतं की उभा माणूस पाय घसरून खाली येतो. पोरं खोक्याच्या फळ्या आणायची, खालून बैलगाडीचं वंगण चोळायची आणि फळीवर उभं राहून वरून खाली शेतात यायची. यायची म्हणजे लोळत यायची. एका पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा त्याची आई शाळेत आली आणि तिनं हेडमास्तरांची अशी काही हजेरी घेतली की ते दोन दिवस चहा प्यायला विसरले. मग त्यांनी मला बोलावलं. "एक तर हे बंद करा, न्हाई तर नीट शिकवा." बंद कसं करणार? भराव काय मी उचलून घरी नेणार होतो? मी शिकवायला लागलो.

दर रविवारी सकाळी मी भरावाखाली उभा. कालव्याच्या पाण्याच्या बाजूनं कुणी उतरायचं नाही, एका वेळी एकच फळी, खालचा बाजूला झाल्याशिवाय वरच्यानं निघायचं नाही, असे नियम केले. बौद्धवाड्यातली पोरं, मुसलमान गल्लीतली, पाटलाच्या आळीतली, सगळी एका रांगेत. कोण वंगण जास्त लावतो, कोण रांग मोडतो, याच्यावर माझी बारीक नजर. आणि उभं कसं राहायचं तेही मी सांगायचो: दोन्ही पाय शेजारी, बोटं समोर, कवायतीत राहतो तसं ताठ. पोरं तसं राहायची आणि भदाभद पडायची. मला वाटायचं, हीच ऐकत नाहीत.

ती पोरगी सातवीत मधूनच आली. तिथल्या बौद्धवाड्यातली, म्हणजे आमच्यातलीच; पण मी परगावचा, शाळेजवळ राहायचो, वाड्यात फारसा जात नसे. दुष्काळात आई-बाप तिला घेऊन मुंबईला गेले होते. बाप तिकडंच राहिला, मासळीच्या धक्क्यावर टोपल्या वाहायला. आई लेकराला घेऊन परत आली आणि कालव्याचा गाळ काढायच्या कामाला लागली. मधलं एक वर्ष पोरीचं शाळेतून गेलेलं. पोरांनी तिचं नाव 'मुंबईवाली' ठेवलं. एका रविवारी ती भरावावर आली आणि सरळ रांगेत उभी राहिली. पोरी तोवर खाली बसून बघायच्या. मी म्हटलं, "तू काहून?" ती म्हणाली, "मला येतंय, गुर्जी."

येतंय म्हणे! मी फळी दिली. पडेल, दोन पोरं हसतील आणि गप घरी जाईल, असा माझा हिशोब. तिनं फळी ठेवली, तिच्यावर आडवी उभी राहिली, एक पाय पुढं एक मागं, गुडघे सैल सोडलेले, खांदा उताराकडं. आणि सर्रकन खाली येऊन माझ्यापुढं थांबली. पडली नाही. फळी वळवूनसुद्धा दाखवली.

"कुठं शिकलीस?"

"मुंबईला. बर्फावर."

सगळे खो-खो हसले. मीही हसलो. मुंबईत बर्फ! ती तापली. "काहून हसून राहिले? धक्क्यावर मासळीवर टाकतेत ना बर्फ. लाद्या फोडतेत, भुगा सांडून उताराला पसरतो. आमी पोरं खोक्याची फळी घेऊन त्याच्यावर घसरत व्हतो. मुकादम हाकलायचा."

मी बर्फ बघितला होता तो वसमतच्या बाजारात, भुशाखाली झाकलेला, विटेएवढा. उतारावर पसरेल इतका बर्फ कोण सांडू देईल? मनात म्हटलं, ही पोरगी थापा मारते. मुंबई बघून आलेल्या माणसाला गावात येऊन काहीही सांगता येतं, तपासायला कोण जातंय? पण पुढच्या रविवारी सगळी पोरं तिच्यासारखी आडवी उभी राहायला लागली आणि पडायची थांबली. मी लगेच जाहीर केलं की आजपासून असंच उभं राहायचं, हे मीच ठरवलंय. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला आत कुठंतरी टोचलं होतं. धाकट्या पोरांचे गुडघे धरून तीच त्यांना शिकवायची, आणि मी शिट्टी वाजवायचो.

आता मासा. माझ्या आधीचे मास्तर कधीतरी कोकणात गेले होते, तिथून त्यांनी तो औषधी पाण्यात घालून आणला होता. पाखट. ताटासारखा चपटा. बरणीच्या काचेला चिकटून बसलेला, आणि काचेतून दिसायचं ते अगदी माणसाचं तोंड; मागचं पाणी जुनं होऊन गढूळ झालेलं, पलीकडून काही दिसत नसे. वर दोन डोळे, खाली हसरं तोंड, त्याच्याखाली दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा. पहिलीची लेकरं त्याला भ्यायची. बरणीचं झाकण मेणानं बंद केलेलं होतं आणि मी त्याला कुणाला हात लावू देत नसे. पुस्तकात त्याच्यावर एकच ओळ होती आणि चित्र नव्हतं. म्हणून मी स्वतः तक्ता काढला होता, रंगीत. डोळे काळे केले, तोंड लाल, चिरांना 'नक्षी' लिहिलं. समुद्र मी जन्मात बघितला नव्हता. शाळेतल्या एकाही मास्तरानं बघितला नव्हता. चार वर्षं मी तो तक्ता लावून शिकवत होतो आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच्यावर छान म्हणून सहीसुद्धा केली होती.

मी धडा घेत होतो. मासे अंडी घालतात, पाखट हा मासा आहे, म्हणून पाखट अंडी घालतो. तिनं हात वर केला.

"गुर्जी, पाखटाला पिल्लं व्हतेत."

"अंड्यातून होतात."

"न्हाई गुर्जी, पोटातून. जाळ्यातून काढली की धक्क्यावरच पिल्लं पडतेत. पोळीची गुंडाळी असती ना, तसं गुंडाळून येतंय पिल्लू, मग पसरतंय. आन् पोटात दुधावानी पांढरं असतंय, ते पिऊन वाढतेत म्हणून तिथल्या कोळणी सांगत व्हत्या."

वर्गात हशा फुटला. मी म्हटलं, "माशाला दूध? मग उद्या बांधू या दावणीला!" पोरं बाकं बडवायला लागली. तिचं तोंड लाल झालं, पण ती खाली बसली नाही. तक्त्याकडं बोट करून म्हणाली, "आन् ते डोळे न्हाईत. ते नाकाडं हायेत. ही त्याची खालची बाजू हाय. डोळे वर, पाठीवर असतेत. डोळ्यामागं दोन भोकं असतेत, तिथून पाणी घेतो. तो वाळूत बसतो ना, खालून घेतलं तर वाळू जाईल. त्या नक्षीच्या फटी हायेत ना, तिथून पाणी सोडतो. आन् शेपटीला काटा असतो, विषाचा. माझ्या बापाला लागला व्हता. गरम पाण्यात पाय बुडवून बसवलं तवा कुठं कळ थांबली."

आमच्या माशाला शेपूट नव्हती. बुडाशी नुसता थोटका खुंट. मी तर शिकवत होतो की पाखटाला शेपूट नसते.

मला राग आला. फार राग आला. एवढी बारीक माहिती सातवीच्या पोरीला कुठून येईल? माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. हिला कुणीतरी पढवून पाठवलंय. हेडमास्तर आणि माझं तेव्हा जमत नव्हतं. त्यांना माझा तक्ता खुपत होता का? की पाटलाच्या आळीतल्या कुणाचं काम? आमच्यातल्याच पोरीच्या तोंडून मास्तरचं हसं करायचं, म्हणजे कुणावर आळ नको. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी तिला बाहेर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी ती एक काटा घेऊन आली. हातभर नाही, वीतभर. हाडासारखा, दोन्ही कडांना करवतीसारखे दाते. "बापाच्या पायातून निघाला तो." मी हातात घेऊन उजेडात धरला. पुढून बघितला, मागून बघितला. साळिंदराचा नव्हता, साळिंदराचा काटा गुळगुळीत असतो हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी म्हटलं, "कुणी कोरून दिला?" तिनं काटा परत घेतला, फडक्यात गुंडाळला आणि जागेवर जाऊन बसली.

मार्च-एप्रिलमध्ये तिचा फॉर्म माझ्याकडं आला. आठवीपासून पुढं गावात शाळा नाही. हिंगोलीला मुलींचं वसतिगृह होतं, आमच्या समाजाच्या पोरींसाठी राखलेल्या थोड्या जागा होत्या. वसतिगृह मिळालं तर ती शिकणार, नाही मिळालं तर आईबरोबर गाळ काढणार. यात तिसरं काही नव्हतं, आणि हे मला पूर्ण माहीत होतं. मार्क चांगले होते. अडचण एकच. मधलं एक वर्ष शाळेत खंड होता, आणि त्या खंडाचं कारण खरं आहे असं वर्गशिक्षकानं, म्हणजे मीच, सही करून द्यायचं होतं.

तिची आई फॉर्म घेऊन शाळेत आली. पायांना गाळ वाळलेला. दारातूनच "जय भीम, गुर्जी" म्हणाली. मी कारण वाचलं. 'दुष्काळात वडील मुंबईस मासळी धक्क्यावर मजुरीस गेले असता सोबत होती.'

"याचा काही कागद आहे का? तिथल्या मुकादमाचा, कुणाचा?"

"मुकादम कशाला कागद देतो, भाऊ? टोपली उचलली की नाव बी इचारत न्हाई." ती आता गुर्जीवरून भाऊवर आली होती. "तुमी आपल्यातले हायेत. तुमाला तकलीफ काय हाय त्यात? वाड्यातली निम्मी माणसं गेली व्हती, सगळ्यांना ठावं हाय."

आपल्यातले! तेच तर मला नको होतं. उद्या कुणीतरी म्हणणार, आपल्यातल्या पोरीला आपल्यातल्या मास्तरनं डोळे झाकून सही दिली. मग तो कागद कुणीतरी उजेडात धरणार, शिक्का खरवडणार. वाड्यातली माणसं मुंबईला गेली होती हे खरं, पण ही गेली होती का? की कुठं दुसऱ्या शाळेत नापास होऊन आली? बर्फावर घसरत होतो म्हणणारी पोरगी, माशाला दूध असतं म्हणणारी, चार वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या डोळ्यांना नाक म्हणणारी! तिच्या एका गोष्टीवर तरी माणसानं विश्वास ठेवावा का? मी म्हटलं, "ठेवून जा. बघतो."

बघतो म्हणालो आणि खरंच बघितलं असतं तर बरं झालं असतं. वाड्यात दोन घरी विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण मला वाटलं, वाड्यातले सगळे एकमेकांना सांभाळून घेणार. मी फॉर्मवर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'खंडाचे कारण खरे असल्याची खात्री नाही', खाली सही केली आणि टपालात टाकला. त्या दिवशी मला अगदी हलकं वाटलं. म्हटलं, आता हा कागद कुणीही खरवडो.

त्यानंतर ती भरावावर यायची बंद झाली. गवतही संपत आलं होतं.

मे महिन्यात सुट्टी लागायच्या आधी बरणीतलं पाणी अर्ध्यावर आलेलं दिसलं. त्या वर्षी ऊन फारच होतं. मेणाला कुठंतरी फट पडली असणार. माशाचा वरचा भाग उघडा पडून सुकायला लागला होता. परभणीहून औषधाची बाटली आणवली. शिपाई म्हणाला, "मी वततो, गुर्जी." मी म्हटलं, नको, तू सांडशील, नाही तर बाटलीतलं अर्धं घरी नेशील. त्याला बाहेर काढलं, दार लावलं, चाकूनं मेण खरवडलं आणि झाकण उघडलं. वास असा की डोक्यात गेला. बाटली ओतायला लागलो तशी धार माशावर पडली. इतकी वर्षं काचेला चिकटलेला तो मासा सुटला, डुचमळला आणि हळूच पालथा झाला.

पाठ वर आली. पाठीवर दोन डोळे होते. फुगीर, बंद नाहीत, अगदी बघणारे डोळे. आणि प्रत्येक डोळ्यामागं एक भोक.

मी भिंग घेऊन बघितलं. पुन्हा बघितलं. बुडाच्या खुंटाला बोट लावलं. शेपूट होती, विळीनं साफ कापलेली. विषाचा काटा नको म्हणून कुण्या कोळ्यानं कापून टाकली असणार. मला घाम फुटला. अरे, तिनं एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती! मला लाज वाटली, इतकी की बाहेर शिपाई खोकला तरी दचकलो. चार वर्षं मी माशाच्या पोटाकडं बघून त्याचे डोळे शिकवत होतो, आणि जिनं ही खालची बाजू आहे म्हटलं तिला वर्गाबाहेर उभं केलं. त्या कारकुनाचा मला इतका राग होता, आणि मी त्याच्याहून वाईट निघालो. त्यानं निदान शेवटी कागद आत घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं हिंगोली गाठली. वसतिगृहाच्या बाईंना म्हटलं, माझी चूक झाली, पोरीचं कारण शंभर टक्के खरं आहे, मी आत्ता इथं लिहून देतो. म्हणाल ते लिहून देतो. बाई चांगल्या होत्या. त्यांनी फाईल काढून दाखवली. माझं सुंदर अक्षर वरच होतं. "गुरुजी, शिक्षकानंच खात्री नाही लिहिल्यावर आम्ही काय करणार? यादी गेली. जागा भरल्या. दर वर्षी त्याच वर्षी सातवी झालेल्याच मुली घेतो आम्ही, पुढच्या वर्षीही तिचं जमणार नाही." मी म्हटलं, एखादी खाट वाढवा. त्या म्हणाल्या, खाट वाढेल, मंजुरी कुठून वाढवू?

परत येताना गाडीतून उतरून घरी गेलो नाही. तसाच कालव्यावर गेलो. गाळाचं काम चालू होतं. तळात बाया टोपल्या भरत होत्या, आणि डोक्यावर टोपली घेऊन तिरप्या पायवाटेनं पोरी वर येत होत्या. त्यांच्यात ती होती. परकरावर बापाचा जुना सदरा, डोक्यावर चुंबळ. मला बघून थांबली, टोपली मात्र उतरवली नाही. कानामागून गाळाचं पाणी गळत होतं.

सगळं रस्ताभर जुळवून आणलं होतं, काय बोलायचं ते. ऐन वेळी एवढंच बाहेर आलं, "पोरी, मी बरणी उघडली. तू म्हणालीस ते बराबर होतं. डोळे वरच आहेत. मी वर्गात सगळ्यांपुढं सांगणार आहे की तुझं खरं आणि माझं चुकलं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. भरावावर धाकटं लेकरू पडलं की बघायची तसं.

"ते मला ठावंच व्हतं, गुर्जी," ती म्हणाली. "मला तुमची सही पायजे व्हती."